तो म्हणाला ‘प्रिटेंड’, आणि सगळे हसले

पत्र : माझी मातृभाषा मराठी, नवऱ्याची पोर्तुगीज, ब्राझीलची. घरात आम्ही इंग्रजी बोलतो, आणि ती दोघांनीही मोठेपणी शिकून घेतलेली. त्याच्या चुका इतक्या गमतीदार असतात की मी फोनमध्ये यादीच ठेवली आहे, साठेक जमल्या असतील. मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकते, सगळ्या पोट धरून हसतात. पूर्वी तोही हसायचा. मागच्या महिन्यात आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसाला घरी मंडळी जमली होती. तो उभा राहून म्हणाला, ‘आय प्रिटेंड टू लिव्ह ऑल माय लाइफ विथ हर.’ हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले. तेव्हापासून तो चारचौघांत बोलतच नाही. ‘येस’, ‘नो’, ‘थँक यू’वर भागवतो. चुका सुधारायला जावं तर घरात शाळा भरल्यासारखी वाटते, सोडून द्याव्यात तर बाहेर त्याचं हसं होतं. आणि खरं सांगायचं तर मला त्या चुका आवडतात. काय करू?

उत्तर : त्या संध्याकाळी तुमचा नवरा बोलला ते वाक्य पोर्तुगीज म्हणून अगदी चोख होतं, शब्द तेवढे इंग्रजी होते. त्याच्या भाषेत ‘प्रेतेंदेर’ म्हणजे एखादी गोष्ट करायचं मनाशी ठरवणं. म्हणजे तो म्हणत होता, ‘हिच्याबरोबरच सगळं आयुष्य काढायचं, असं मी ठरवलंय.’ मंडळींना ऐकू आलं, ‘हिच्याबरोबर राहण्याचं मी सोंग करतो.’ विनोद झाला हे खरंच. पण त्याच्या बाजूनं बघा. माणसानं परक्या भाषेत, उभं राहून, लोकांसमोर मनातली सगळ्यात मोठी गोष्ट सांगितली आणि बदल्यात हशा मिळाला. गेल्या दोन वर्षांत तो हसत होता ते चपलेला चुकून शूज म्हटलं, अशा चुकांवर. ही त्या जातीची नव्हती.

‘आम्ही तुला नाही, शब्दाला हसलो’ हे सांगत बसू नका, ते त्याला ठाऊक आहे. शब्दाचा अर्थ मला आता कळला, एवढंच सांगा. पुढचं शेवटी बोलू.

आधी ती साठ चुकांची यादी काढा, तिची वाटणी करायची आहे. एका भागात अशा चुका येतील ज्यांना हात लावायचा नाही. ‘आय ड्रीम्ड विथ यू’ घ्या. पोर्तुगीजमध्ये स्वप्न कुणाचं पडत नाही, कुणाबरोबर पडतं. ‘थिंक इन यू’ तसंच, ‘मॅरीड विथ’ तसंच. ‘आय हॅव थर्टीफोर इयर्स’ म्हणतो, कारण त्याच्या भाषेत वय ‘असतं’, माणसाजवळ वर्षं असतात. ‘इज रेनिंग’ म्हणतो, कारण तिथं क्रियापदातून कर्ता कळतो, तो वेगळा सांगावा लागत नाही. बहिणीनं शर्ट भेट दिला तर ‘आय वॉन अ शर्ट’ म्हणेल. जिंकणं, कमावणं आणि भेट मिळणं या तिन्हींना त्याच्याकडे एकच क्रियापद आहे. बस चुकली की ‘आय लॉस्ट द बस’. यातलं काहीही कुणालाही सहज समजतं. नोकरीसाठी लेखी इंग्रजी सुधारायचं असेल तर तो शिकवणी लावेल, तुम्ही यात पडू नका.

उच्चारांवरही फार वेळ घालवू नका. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा ‘र’ ‘ह’सारखा येतो, म्हणून ‘रेड’चं ‘हेड’ होतं. ‘टी’चा ‘ची’ होतो, म्हणून ‘टीम’ची ‘चीम’. आणि शब्द व्यंजनावर तुटला की शेवटी बारीकसा ‘इ’ चिकटतो. जिथं गफलत महागात पडेल असे मोजके शब्द पक्के करा. औषधांची नावं, तुमचा पत्ता, आणि ‘थर्टीन-थर्टी’, ‘फोर्टीन-फोर्टी’ अशा आकड्यांच्या जोड्या. बाकी उच्चार म्हणजे त्याचा आवाज आहे, राहू दे.

आता महत्त्वाचं. ज्या चुकांनी संसारात खरोखर खडखडाट होतो त्या तुमच्या यादीत नसतील. कारण त्या गमतीदार नसतात. वाक्य व्याकरणात बसतं, शब्द ओळखीचा असतो, अर्थही लागतो. फक्त तो चुकीचा लागतो आणि दोघांपैकी कुणालाच कळत नाही.

‘इव्हेंच्युअली’ हा पहिला संशयित. इंग्रजीत त्याचा अर्थ ‘उशिरा का होईना, पण होणारच’. पोर्तुगीजमधल्या त्याच्या जुळ्या शब्दाचा अर्थ ‘झालंच तर’, ‘जमलं तर’, ‘कधीमधी’. तो म्हणाला, ‘इव्हेंच्युअली आय विल कॉल युअर मदर.’ तुम्ही आईला सांगून टाकलंत की तो फोन करणार आहे. त्यानं सांगितलं होतं की जमलं तर करीन. आठवड्यानं भांडण, आणि दोघांनाही आपलंच खरं वाटणार, कारण दोघांचंही खरंच असतं. गेल्या दोन वर्षांत ‘तू शब्द पाळत नाहीस’ या धर्तीची जी भांडणं झाली असतील त्यात हा शब्द होता का, आठवून बघा.

‘अ‍ॅक्च्युअली’ दुसरा. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ ‘सध्या’. ‘अ‍ॅक्च्युअली आय लाइक माय जॉब’ म्हणजे ‘सध्या मला नोकरी आवडते’, पण ऐकणाऱ्याला वाटतं, ‘तुम्हाला वाटतं तसं नाही, मला खरं तर आवडते’. विनाकारण उलटून बोलल्यासारखं होतं. ‘एक्स्क्विझिट’ तर त्याहून बेरकी. इंग्रजीत अप्रतिम, पोर्तुगीजमधला जुळा शब्द म्हणजे विचित्र, तऱ्हेवाईक. तुमच्या बहिणीनं काढलेल्या चित्राला त्यानं मान डोलावत ‘एक्स्क्विझिट’ म्हटलं असेल आणि ती खूश झाली असेल, तर ते प्रकरण उकरून काढू नका.

‘पेरेंट्स’ म्हणजे त्याच्या लेखी नातेवाईक. ‘ऑल माय पेरेंट्स आर कमिंग’ ऐकलंत तर पाहुणे किती, हे आकड्यात विचारा. ‘आय होप यू अ‍ॅट द डोअर’ म्हणजे दारात वाट बघतो. आशा, अपेक्षा आणि वाट पाहणं ही तिन्ही तिकडे एका क्रियापदात राहतात. त्यामुळे ‘आय होप यू’ ऐकून तुम्ही निवांत आवरत बसलात तर तो दारात उभाच आहे, हे लक्षात असू द्या.

आणि ‘युअर’. पोर्तुगीजमधला ‘सेउ’ हा शब्द ‘तुझा’, ‘त्याचा’, ‘तिचा’ असा तिन्ही अर्थांनी येऊ शकतो, आणि त्याचं लिंग मालकावर नव्हे तर वस्तूवर ठरतं. शेवटचा भाग मराठीसारखाच आहे, आपणही ‘त्याची वही’, ‘तिचा पेन’ म्हणताना प्रत्यय वस्तूप्रमाणे बदलतो. पण आपण ‘तुझा’ आणि ‘त्याचा’ यांची गल्लत करत नाही. इंग्रजी बोलताना त्याच्याकडून ‘हिज’च्या जागी ‘युअर’ निसटतं. ‘माय फ्रेंड कॉल्ड, युअर मदर इज इन हॉस्पिटल.’ कुणाची आई? अशा वाक्यावर धावत सुटण्याआधी एक प्रश्न विचारायचा, हे दोघांनी आजच ठरवा. त्यानं करायचा उपायही सोपा आहे : सर्वनाम सोडून नातं उच्चारायचं, ‘माय फ्रेंड्स मदर’.

दवाखान्याचे शब्द मात्र या आठवड्यातच उरकून टाका. ‘इंटॉक्सिकेटेड’ हा इंग्रजीत दारू किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली असलेल्याचा शब्द. पोर्तुगीज आणि स्पॅनिशमध्ये त्याचा जुळा शब्द अन्नातून किंवा आणखी कशातून विषबाधा झालेल्यालाही लावतात. 1980 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाच्या एका रुग्णालयात अठरा वर्षांच्या मुलाला बेशुद्धावस्थेत आणलं होतं. स्पॅनिश बोलणाऱ्या घरच्यांनी ‘इंतोक्सिकादो’ म्हटलं, त्यांच्या मते खाण्यातून काहीतरी बाधलं होतं. डॉक्टरांनी अमली पदार्थाचा अतिरेक असं धरून उपचार केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होता. तो उशिरा कळला आणि मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. तेव्हा ‘फूड पॉइझनिंग’, ‘अ‍ॅलर्जी टू’, ‘पेन सिन्स मॉर्निंग’ आणि रोजच्या औषधांची नावं एका कागदावर दोन्ही भाषांत लिहून दोघांच्या पाकिटात ठेवा. आणि दवाखान्यात दुभाषा मिळत असेल तर तोच मागा; अशा वेळी नवऱ्याचं इंग्रजी आणि तुमचा अंदाज या दोन्हींवर विसंबू नका.

आता सुधारायचं कसं. आधी चूक पारखा. 1967 मध्ये भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी एक फरक मांडला तो घरातही उपयोगी पडतो : काही चुका जीभ घसरल्याच्या असतात, काही डोक्यात बसलेल्या नियमाच्या. ओळखायला सोपं आहे. ‘काय म्हणालास?’ एवढंच विचारा, चेहरा सरळ ठेवून. दुसऱ्यांदा वाक्य आपोआप नीट आलं तर जीभ घसरली होती, विषय संपला. तेच वाक्य तसंच, जरा मोठ्यानं आलं, तर तो त्याच्या मते बरोबरच बोलतोय. काम करायचं ते याच्यावर.

बहुतेक जोडीदार काय करतात? तो म्हणतो, ‘आय असिस्टेड द मॅच’, आणि आपण हळूच म्हणतो, ‘ओ, यू वॉच्ड द मॅच.’ हे सभ्य वाटतं, आणि चारचौघांत तेच करावं. पण यातून तो शिकेल, अशी फार आशा धरू नका. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत हे मोजलं होतं, 1997 चा अभ्यास आहे. शिक्षकांच्या एकूण दुरुस्त्यांपैकी 55 टक्के अशा नुसत्या नीट वाक्य परत म्हणण्याच्या होत्या, आणि त्यातल्या 31 टक्क्यांनाच मुलांनी काही प्रतिसाद दिला. सगळ्या प्रकारांत तो सर्वांत कमी होता. कारण उघड आहे. ऐकणाऱ्याला वाटतं समोरचा संभाषण पुढे नेतोय. दुरुस्ती झाली हे त्याच्या गावीही नसतं.

म्हणून दोघंच असताना दोन अर्थ समोर ठेवून विचारा. ‘इव्हेंच्युअली म्हणजे नक्की, की जमलं तर?’ निवड त्याला करावी लागते, आणि निवडताना फरक लक्षात राहतो. मग बदली शब्द द्या. ‘प्रिटेंड म्हणू नको’ असं बजावलंत तर ऐन वेळी तोच शब्द आधी तोंडात येईल. ‘प्लॅन टू’ म्हण, असं सांगा. त्याच्या भाषेतही त्याच वळणाचं क्रियापद त्याच अर्थानं आहे, लगेच बसेल. ‘इव्हेंच्युअली’च्या जागी ‘मेबी’, ‘अ‍ॅक्च्युअली’च्या जागी ‘राइट नाऊ’. साधे शब्द निवडा, भारी प्रतिशब्द शोधू नका. त्यानं त्याच दिवशी बदली शब्द घेऊन स्वतःच्या आयुष्यातली तीन वाक्यं बोलायची, दोन दिवसांनी पुन्हा तीन, आठवड्यानं पुन्हा. आठवड्याला दोनच शब्द. तिसरा घेतलात की घरात शाळा भरलीच म्हणून समजा.

वेळही पाहा. तो कामावरून दमून आला असेल तेव्हा नाही, फोनवर नाही, आणि भांडणात तर अजिबात नाही. भांडणात अर्थ जरूर विचारा, ‘आत्ता नेमकं काय म्हणालास?’ पण व्याकरण काढलंत तर मूळ मुद्दा कायमचा बाजूला पडेल आणि नवा, जास्त वाईट मुद्दा तयार होईल.

चारचौघांत नियम एकच : आधी अर्थाला उत्तर, मग हसू. त्याचं वाक्य ऐकलं की तुमच्या उत्तरात तोच आशय नीट शब्दांत येऊ द्या आणि पुढे जा. दुसरं कुणी हसलंच तर तुम्ही हसण्यात सामील न होता पाच सेकंदांत अर्थ सांगा, ‘त्याच्या भाषेत या शब्दाचा अर्थ ठरवणं असा होतो.’ लोकांनाही शब्दाची गंमत कळते आणि हसण्याचा रोख त्याच्यावरून सरकतो.

तो गप्प झाल्यावर कदाचित तुम्ही त्याच्या वतीनं बोलायला लागला असाल. हे थांबवा. कुणी त्याला विचारलं तर मनात चारपर्यंत मोजा. परक्या भाषेत वाक्य जुळवायला तेवढा वेळ लागतोच. पुन्हा बोलता करायचा तर दहा जणांच्या घोळक्यात ढकलू नका. एखाद्याच मित्राबरोबर अर्धा तास, विषय त्याच्या हातखंड्याचा. आधी घरी पाच वाक्यं घोळवून घेतली तरी चालतील.

यादीचं म्हणाल, तर ती पुसू नका. पण ग्रुपवर टाकणं आजपासून बंद, आणि टाकलं होतं हे त्याला आपणहून सांगा; उद्या मैत्रिणीच्या तोंडून कळलं तर ते जास्त लागेल. मग यादी त्याच्या हातात द्या. जे बाहेर जाऊ नये असं वाटेल त्यावर तो काट मारेल. उरलेल्यांचे किस्से यापुढे त्यानं सांगायचे, तुम्ही नाही. ज्याची चूक त्यानं सांगितली की तो विनोद असतो, तीच दुसऱ्यानं सांगितली की चहाडीसारखी लागते. शिवाय प्रत्येक चुकीपुढे एक रकाना वाढवा आणि मूळ पोर्तुगीज वाक्य त्याच्याकडून लिहून घ्या. बघता बघता हसण्याच्या यादीचा शब्दकोश होतो. त्यात म्हणीही येतील. चारचौघांत फजिती झाली की ब्राझीलमध्ये म्हणतात ‘पगार मीकु’, शब्दशः ‘माकड भरणं’. यातला ‘पगार’ आपलाच वाटतो ना? तो तिकडूनच आला आहे, चावी आणि बटाट्यासारखा. तिथं ते ‘पैसे देणं’ असं क्रियापद. आपण उचललं आणि त्याचं नाम करून टाकलं. त्या काळी कुणी पोर्तुगीज माणूस त्यावर हसलाही असेल. आता ती चूक राहिली नाही, शब्द झाला. तेव्हा त्यानं ‘आय पेड द मंकी’ म्हटलं तर दुरुस्त करू नका, घरात वापरायला घ्या.

आणि तिसरा रकाना तुमचा. मराठी माणसाचं इंग्रजी त्याच्या कानाला काय काय ऐकवतं, हे त्यालाच विचारा. ‘ये ना’च्या चालीवर आपण ‘कम नो’ म्हणतो. त्याला ऐकू येतं, येऊ नकोस. ‘मी इथेच आहे’चं ‘आय अ‍ॅम हियर ओन्ली’ होतं आणि तो विचारात पडतो की आणखी कुठे असायला हवी होतीस? ‘डोकं खाऊ नकोस’ सरळ इंग्रजीत आणलंत तर काय चित्र दिसतं ते सांगायलाच नको. ‘व’ आपल्याकडे एकच, म्हणून ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ सारखेच. पाकिटावरचं ‘नो प्रिझर्व्हेटिव्ह्ज’ तुम्ही मोठ्यानं वाचलं की तो गालात का हसतो माहीत आहे? त्याच्या भाषेत त्या शब्दाचा जुळा भाऊ म्हणजे निरोध. काही चुका तर तुमच्या सामाईक असणार. ‘आय लिव्ह हियर सिन्स टू इयर्स’ हे मराठीतूनही येतं आणि पोर्तुगीजमधूनही, त्यामुळे तुमच्या घरात ते कुणालाच खटकत नसेल.

आता त्या संध्याकाळचं वाक्य. त्याला अजून उत्तर मिळालेलं नाही. पुढच्या वेळी तीच मंडळी जमतील तेव्हा तुम्ही उभ्या राहा आणि त्याच्या भाषेत म्हणा : ‘प्रेतेंदु पासाऽह आ व्हीदा तोदा कों व्होसे.’ सगळं आयुष्य तुझ्याबरोबर काढायचं ठरवलंय. ‘पासाऽह’च्या शेवटी ‘ह’ जेमतेम सुटतो, ‘र’ म्हणू नका. ‘कों’मध्ये ‘म’ येत नाही. ओठ मिटले की चुकलंच, आवाज नुसता नाकात घ्यायचा. ‘व्होसे’चा भर ‘से’वर. आठवडाभर आरशासमोर सराव करा, त्याला कळू न देता. तरी ऐन वेळी कुठेतरी अडखळाल, आणि तो हसेल. हसू द्या.